गोदावरीनं मागून आणलेले डबे

खंडेनवमीला सकाळी साताऱ्याच्या दवाखान्यातून फोन आला, गोदावरी गेली. तिचा नवरा अनंता तेव्हा तिच्यासाठी भाकरी बांधून कोरेगावच्या स्टँडवर उभा होता. एसटी आली, तो तसाच चढला.

गोदावरी शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. कुठलं पोर दुसऱ्यांदा ताट पुढं करतं, कुठलं अर्धी खिचडी धाकट्यासाठी पिशवीत घालतं, हे तिला बरोबर ठाऊक असे. दर दिवाळीला गावातली बरी घरं शाळेला रवा, साखर, तेल देत. बाया मिळून फराळ करत, पण वाटायचं काम गोदावरी एकटी करी. दसऱ्याआधीच ती अशा पोरांच्या घरी जाऊन म्हणे, शाळेत डबे कमी पडतात, तुमचा एखादा द्या. घेतलेला डबा परत करावा लागतो, आणि परतीचा डबा रिकामा कुणी देत नाही. घेणाऱ्याची मान खाली जात नसे.

यंदाही आजारी पडायच्या आधी तिनं अकरा डबे आणून पलंगाखाली ठेवले होते. कुणाचे, ते तिच्या डोक्यात होतं.

हेडमास्तर सुमंत गुरुजींनी अनंताला विचारलं, फराळ तयार आहे, पोचवायचा कुठं? डब्यांवर नावं कोरलेली होती. एकावर इस्लामपूरच्या मानसिंग बाबरांचं नाव बघून अनंता थेट इस्लामपूरला गेला. मानसिंग हसले.

"गड्या, आहेराला डझनानं घेतलेले डबे हे. पाच भाच्या उजवल्या. कोरेगावात एकबी दिलेली न्हाई. कुठनं कुठं हिंडला आसंल, मला काय ठावं?"

बाकीच्या डब्यांवरही अशीच आहेर देणाऱ्यांची नावं होती.

शेवटी अनंतानंच सुचवलं, सुट्टी लागायच्या दिवशी डबे भरून शाळेच्या व्हरांड्यात मांडू, ज्याचा तो ओळखून नेईल. गुरुजी कचरले, पण त्यांनाही दुसरं सुचेना. पालकांच्या ग्रुपवर निरोप गेला : गरजूंनी आपापले डबे घेऊन जावेत.

शाळा सुटेपर्यंत एकाही डब्याला कुणी हात लावला नाही. सुलाबाई लेकीला न्यायला आली. तिच्या नवऱ्याचं कारखान्यातलं काम सुटून चार महिने झाले होते. लेक सोनिया एका चेपलेल्या झाकणाकडं बघून म्हणाली, "आये, आपला डबा."

सुलाबाईनं तिचा दंड धरला. "आपला न्हाई त्यो."

अनंताला वाटलं, एक तरी घर सापडलं. डबा घेऊन तो फाटकापर्यंत पळाला. तिथं चार बाया उभ्या होत्या.

"सुलाबाई, न्या की. तुमच्यासारख्यांसाठीच हाय हे."

बाया वळून बघू लागल्या. सुलाबाई हळू म्हणाली, "दाजी, आक्का मागायला यायच्या. आमी त्यांस्नी डबा दिला हुता. तुमी आमाला काय द्याया लागलाय?"

आणि ती लेकीला घेऊन चालू लागली.

फराळ गुरुजींनी एका वसतिगृहाला पाठवून दिला. सुट्टीनंतर सोनिया शाळेत येते, पण खिचडीच्या पंगतीला बसत नाही, असं त्यांनीच अनंताला सांगितलं.

अनंतानं अकरा डबे घासून पुन्हा पलंगाखाली ठेवलेत. दहा कुणाचे ते कळलेलं नाही. अकरावा कुणाचा ते कळलंय, पण तोही अजून परत गेलेला नाही.