एकोणीस नावांची रजई

मित्रांनो, मी एक जुनी रजई आहे. माझा लाल खारवा विटला आहे, कडा विरल्या आहेत, आणि मला पांघरून कुणाला फारशी ऊब मिळाली असेल असंही नाही. तरी माझ्याइतकी भाग्यवान रजई साऱ्या वऱ्हाडात नसेल. का, ते सांगते.

मोताळ्यापासून दोन कोसांवरच्या एका लहान गावात माझा जन्म झाला. हैदर पिंजाऱ्याने कमानीची तात टणटण वाजवत माझा कापूस पिंजला. त्याची बायको जमीला मला टाके घालणार होती. तिचे टाके म्हणजे कणसातले दाणे, एकासारखा एक. लेक शबानाच्या लग्नात मला द्यायचं ठरलं होतं, म्हणून तिचा माझ्यावर विशेष जीव होता.

ते जंगल सत्याग्रहाचे दिवस होते. गावची माणसं विळे घेऊन राखीव रानातलं गवत कापायला गेली. परतताना ओढ्याच्या काठी पोलिसांनी त्यांना गाठलं आणि लाठ्यांनी झोडपलं. पुंजाजी नावाच्या शेतकऱ्याचा उजवा हात मोडला. सरकारी कागदावर मात्र लिहिलं गेलं, की लोक आपसात भांडले!

मग शाळामास्तर वामनरावांनी शहरातून गुलाबी पत्रकं छापून आणली. वर ठळक अक्षरांत 'निषेध सभा' आणि खाली मार खाल्लेल्या एकोणीस जणांची नावं, कुणाला कुठे लागलं त्यासकट. सभेला आसपासची पाच गावं लोटली. आठवड्याच्या आत पत्रकं जप्त करण्याचा हुकूम निघाला. ज्याच्या घरी कागद सापडेल, तो तुरुंगात. वामनरावांना तर पकडूनच नेलं. घराघरांतून ते गुलाबी कागद चुलीत जाऊ लागले.

त्या दुपारी पुंजाजीची बायको सुभद्राबाई पदराखाली काहीतरी दडवून जमीलाकडे आली.

"चुलीत घालाले गेली होती, पण हात नाही रेटला वं," ती म्हणाली. "मास्तरनं बोट ठेवून दाखवलं होतं, इथं तुह्या घरधन्याचं नाव हाये म्हणून. आपल्या मानसाचं नाव कसं जाळू?"

जमीलालाही वाचता येत नव्हतं. तिने कागद उन्हाकडे धरून पाहिला.

"नको जाळू. दे मले. अजून कोनाकोनाकडं राह्यले?"

दिवस मावळायच्या आत पिठाच्या डब्यांतून, उतरंडीच्या मडक्यांतून सात पत्रकं, भिंतीवर लावलेला एक मोठा कागद आणि सभेत गायलेल्या पदाचे दोन कागद गोळा झाले. दुसऱ्या दिवशी भर उन्हात, अंगणात, सगळ्यांच्या देखत जमीलाने माझी एक बाजू उसवली. कागद मांजरपाटाच्या पिशवीत घातले, वर कडुनिंबाचा पाला पसरला आणि पिशवी कापसाच्या दोन थरांमध्ये ठेवली. रस्त्याने जाणाऱ्यांना दिसत होतं ते एवढंच, की पिंजाऱ्याची बायको रजई शिवते आहे.

पण मधोमध टाके घातले असते तर सुईने अक्षरांना भोकं पाडली असती. म्हणून जमीलाने चहूबाजूंनी सुरेख टाके घातले आणि मधला हातभर चौकोन तसाच सोडला. तिच्यासारख्या कारागिरणीला ते किती जड गेलं, मला ठाऊक आहे. दोनदा तिने तिथे सुई टेकवली आणि दोनदा उचलली.

चार दिवसांनी झडती आली. हवालदाराने मडकी उपडी केली, कापूस विस्कटला, आणि दमून बाजेवर बसला. म्हणजे माझ्यावरच! माझ्या पोटात कागद चुरगळून वाजला. जमीलाला एकाएकी जोराचा खोकला आला. हवालदाराने मला निरखलं.

"इथं टाके काऊन नाही वं बाई?"

"सुई मोडली, साहेब."

"सुई मोडली म्हणून काम सोडते काय? माही बायको याच्याहून बरी शिवते."

"हाव साहेब, शिवत असन," जमीला मान खाली घालून म्हणाली.

तो गेल्यावर ती पदर तोंडात कोंबून हसली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. हैदर वैतागला. "त्यानं तुही इज्जत काढली अन् तू हासून राह्यली?" त्याला काहीच माहीत नव्हतं. त्याच्या पोटात काही राहत नाही, हे जमीला ओळखून होती.

शबानाला दुसरी रजई मिळाली. मी घरीच राहिले. माझा बिनटाक्यांचा चौकोन पाहून गिऱ्हाईकं नाक मुरडायची आणि काही तर दुसऱ्या पिंजाऱ्याकडे गेली. जमीला ऐकून घ्यायची. दर उन्हाळ्यात ती मला उसवायची, कागदांना सावलीत वारा द्यायची, नवा पाला घालायची आणि परत शिवायची. पावसाळ्यात मी माळ्यावर पडून असायची. एका पावसाळ्यात उंदराने माझा कोपरा कुरतडला, तेव्हा ती जेवलीसुद्धा नाही. कागद मात्र वाचले.

अशी सतरा वर्षं गेली. देश स्वतंत्र झाला आणि गावात वाचनालय उघडलं. तुरुंगातून सुटून आलेले वामनराव आता काठी टेकत चालत होते. उद्घाटनाच्या भाषणात ते म्हणाले,

"पुस्तकं आली, कपाट आलं. पण आपल्या गावानं काय सोसलं, त्याचा एक कागदही उरला नाही. सरकारी दप्तर पाहाल, तर आपण आपसात भांडलो!"

बायकांच्या बाजूने जमीला उठली. तिच्या काखेत मी होते.

"मास्तर, कात्री हाये काय?"

सर्वांसमोर तिने मला उसवलं. माझ्या पोटातून गुलाबी कागद निघाले, तेव्हा हैदर ओरडला, "अल्ला! सतरा वर्षं लोकायचे बोलने मले खाऊ घातले!" सगळी सभा हसली, आणि सर्वांत मोठ्याने तोच हसला.

वामनरावांनी शाळेतल्या हजेरीसारखी नावं वाचायला घेतली. "पुंजाजी!"

"हजर!" पुंजाजीने आपला वाकडा हात उंच केला.

पाचवं नाव कडूबाचं होतं. तो दोन वर्षांपूर्वी वारला होता. वामनराव पुढच्या नावाकडे वळू लागले. मग त्याची बायको गोजरबाई ठणकावून म्हणाली, "हजर म्हना, मास्तर!" आणि त्यानंतर गेलेल्या प्रत्येक माणसासाठी साऱ्या सभेने एका आवाजात ओ दिली.

मित्रांनो, कागद फार दुबळा असतो. पाणी, वाळवी, उंदीर, हुकूम, सगळे त्याच्या जिवावर उठलेले असतात. तुमच्या घरी एखादा जुना छापील कागद सापडला, तर फेकू नका. वाचता आला नाही, तर ज्याला येतो त्याला दाखवा. जमीलाने जपलं, ते तिला स्वतःला कधीच वाचता आलं नाही. पण त्या दिवशी तिने एकोणीसही नावं कानांनी ऐकली, आणि प्रत्येक नावाला मान डोलावत राहिली, जणू तिला ती आधीपासून पाठ होती.