ऊब

"आधी आईला बाहेर पाठव, मग टाच धर. तिचे डोळे पाठीत रुतले की आपला हात कापतो."

निवृत्त होऊन गेलेल्या थोरल्या सिस्टरचा आवाज कानात ठेवूनच वॉर्डातल्या तरुण सिस्टरने काचपेटीत हात घातला. बाळाची टाच तळहातात धरून हलकेच चोळली, कोमट केली. टाच गार राहिली तर रक्त उतरत नाही, पुन्हा टोचावं लागतं. तेवढीच दया तिच्या हाती होती.

सुई लागली. ओंजळभर पोर ते, त्याला धड आवाजही फुटेना. नुसता चेहरा चुरगळला.

सगळं आवरून तिने आईला आत घेतलं. आईने हात धुतले, एकमेकांवर चोळून कोमट केले आणि ते इवलं पाऊल अलगद मुठीत धरलं.

बाळाने पाय आखडला. ओठ निळसर झाले. उशाचं यंत्र कोकलू लागलं.

चटका बसावा तसा आईने हात काढला.

"कालही हेच. सासूबाई म्हणतात, पोराला आईचाच हात नकोसा झालाय."

"नकोसा कसला!" फरशी पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या. "लग्न झालं तरी पदर सोडायचा नाही हा, बघशील."

आई हसली नाही. "दूध काढून पाठवत जाईन, सिस्टर. आत नाही यायची मी आता."

सिस्टरने पुढे होऊन आपला कोमट तळवा पावलाला टेकवला. सुई नव्हती, काही नव्हतं. तरी बाळाचा चेहरा तसाच चुरगळला. मग तिने आईचा हात धरून बाळाच्या डोक्यावर ठेवला. हळूहळू श्वास संथ झाला.

ती आपल्या तळहाताकडे बघत राहिली. दर वेळी आधी हीच ऊब, मग सुई.

"तुमचा हात ते अजून ओळखत नाही," ती म्हणाली. "माझा ओळखतं."

आईला नीट कळलं नसावं.

"पुढच्या वेळी टोचताना ते तुमच्या छातीशी असेल. शब्द देते."

"चालेल तुमच्याकडे?"

तिने उशाच्या यंत्राचा गजर बंद केला.

संध्याकाळी तपासणीसाठी पुन्हा बाळाचं रक्त काढायला सांगितलं गेलं. टेबलामागून नव्या मोठ्या सिस्टरनी मान वर न करता विचारलं, "आई बाहेरच आहे ना?"

"हो, बाहेरच आहे."

सुईच्या ट्रेवर तिने कापड झाकलं. टाचेला हात लावला नाही. आईला आणायला ती दाराकडे निघाली.