सालीखालचं बिऱ्हाड

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं म्हणणाऱ्यांनी आमचा विंचू पाहिलेला नसतो. हा झाडावर राहतो. जुन्या झाडाची साल जिथे खोडापासून किंचित सुटते, त्या ओलसर फटीत आपलं चपटं अंग सरकवतो आणि तिथेच ठाण मांडतो. घर सोडायला तो माझ्याइतकाच नाखूश.

बावीस वर्षं मी त्याची मोजणी करतेय. क्रमांकाचे पत्रे ठोकलेली तीच ऐंशी झाडं, दर वर्षी. पूर्वी झाडागणिक एखादा तरी असायचा; या खेपेला विंचू सापडले अवघे तीन. माझं डोकंच फिरलं. दोष सरपणवाल्या बायकांचा, याबद्दल मला शंका नव्हती. त्यांना जंगलात बंदी करा, असा अहवाल मी लिहून टाकला. सही तेवढी राहिली होती.

त्या बायकांपैकीच एक मावशी मला वाट दाखवायच्या. त्यांना मी तोंडावर सांगितलं, भीड ठेवणं मला जमत नाही.

"तुम्ही लाकडं नेता म्हणून विंचू गेले. आता तुम्हाला इथे येता येणार नाही."

"मग आमची चूल कशावर पेटायची?"

मी नेहमीसारखी मोजणीसाठी पटाशीनं समोरच्या झाडाची साल उचकटली. आत काही नव्हतं.

"आम्ही पडलेलं उचलतो, बाई. साल तुम्ही काढता. ती परत चिकटते का?"

चोराच्या उलट्या बोंबा, मी मनात म्हटलं. "सुटलेलीच साल असते ती."

"सुटलेली असते म्हणूनच तो राहतो ना?"

त्या मला ओढ्यापलीकडे घेऊन गेल्या. तिथेही त्या सरपण वेचत, पण माझे पत्रे तिथे नव्हते. सालीला हात न लावता मी फटीत बॅटरी मारली. मादी होती, पाठीवर पांढरी पिल्लं. पुढच्या झाडावर एक. त्याच्या पुढच्यावर दोन. ज्याला जीव लावला, त्याचं घर मीच दर वर्षी उघडं टाकत आले होते.

तिथेच बसून मी पिशवीतला अहवाल काढला, त्यातली बंदी खोडली, विंचू कमी होण्याचं कारण म्हणून माझी मोजणी लिहिली, खाली माझं नाव घातलं आणि मावशींना वाचून दाखवलं.

"मोजणी बंद, एवढंच लिहा की," त्या हळूच म्हणाल्या. "नाव कशाला?"

मी नाव राहू दिलं आणि सही केली.