हिरामणचा निरोप आणि शिळी माळ

रविवारी दुपारी तुळिंजच्या त्या इमारतीच्या जिन्यावर चपलांचा एवढा ढीग पडायचा, की वरच्या मजल्यावरच्या बायकांना भाजीची पिशवी डोक्यावर धरून चढावं लागे. वर देऊळ नव्हतं, कुणाचं बारसंही नव्हतं. वर संग्रामचा कॉम्प्युटर क्लास होता. सोमवार ते शनिवार तिथे पोरंपोरी टायपिंग शिकत आणि रविवारी चार वाजता त्याच खोलीत मेलेली माणसं बोलत.

हसू नका. १९९९ सालचा डिसेंबर होता. एकतीस तारखेला बाराच्या ठोक्याला जगातले सगळे कॉम्प्युटर वेडे होणार, विमानं पडणार, दिवे जाणार, अशी चर्चा चहाच्या टपरीपासून कचेरीपर्यंत चालली होती. भले भले पदवीधर मेणबत्त्या भरून ठेवत होते. मग गास गावात फुलांची वाडी पिकवणाऱ्या चंद्रकांताने घाबरू नये, असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

चंद्रकांता गर्दीच्या पुढे बसली होती. समोर टेबलावर एक कॉम्प्युटर, त्याला हळदकुंकू लावलेलं, पडद्यावरून मागच्या डब्यापर्यंत झेंडूची जाडजूड माळ. कीबोर्ड आणि माऊस काढून वेगळ्या पाटावर ठेवलेले, सगळ्यांना दिसतील असे. शेजारी विघ्नेश महाराज. हे गृहस्थ दोन वर्षांपूर्वीपर्यंत स्टेशनबाहेर पाण्याचे फिल्टर विकत. आता अंगात भगवी कफनी होती आणि कमरेला पेजर.

"माते, शरीर म्हणजे हार्डवेअर आणि आत्मा म्हणजे सॉफ्टवेअर!" महाराज डोळे मिटून म्हणाले. "हार्डवेअर जळतं, सॉफ्टवेअर जळत नाही. पितर राहतात कुठे? हार्ड डिस्कमध्ये! पण लक्षात ठेवा, एकतीस तारखेला दार बंद. दोन हजार साल लागलं की यंत्राला मागची सालं ओळखता येणार नाहीत. मागच्या सालात गेलेल्यांचा आवाज कायमचा गेला. बघा, कीबोर्ड नाही, माऊस नाही. कोण टाईप करणार? बोला, कोणाला बोलवायचं?"

"जागृतीच्या बापाला," चंद्रकांता कशीबशी म्हणाली.

मग यंत्रातून टिंग असा आवाज आला आणि पडद्यावर एक करडी चौकट उघडली. चंद्रकांताची एकोणीस वर्षांची लेक जागृती याच क्लासात शिकत होती. तिनेच पुढे होऊन वाचलं. वर इंग्रजीत ओळ होती, मेसेज फ्रॉम हिरामण. खाली इंग्रजी अक्षरांत मराठी मजकूर.

"चंद्रकांता, वाडी सोड. विहिरीत वाईट आहे. मला नेलं. आता जागृतीला नेईल."

वाचता वाचता पोरीचा आवाज फुटला. हिरामण दोन वर्षांपूर्वी विहिरीच्या काठावर पंप सुरू करताना छातीत कळ येऊन गेला होता.

काचेच्या केबिनमधून संग्राम लगबगीने बाहेर आला. "काकी, मी बोललो तर म्हणाल मतलबी आहे. पण साक्षात काका सांगतायत. माझा बिल्डर भाऊ वाडीच्या बदल्यात तुम्हाला याच बिल्डिंगमध्ये फ्लॅट देतोय. तिथे ना विहीर, ना काही. एकतीसच्या आत सही करा, म्हणजे काकांना कळेल तरी."

पुढच्या रविवारी, एकोणीस तारखेला, चंद्रकांता आपल्या वाडीतल्या फुलांची ताजी माळ घेऊन गेली. सात पिढ्या फुलं लावणाऱ्या घरातली बाई ती. यंत्रावरची माळ गेल्या आठवड्याचीच होती. पाकळ्या चॉकलेटी पडलेल्या, देठ वाळून कडक झालेले. देवावर शिळं निर्माल्य ठेवलेलं तिला बघवेना. तिने उठून माळ उचलायला हात घातला.

"माळेला हात लावू नका!" महाराज ओरडले. तोवर तिने ओढलंच होतं. टेबल हललं आणि पडदा झर्रकन निळा झाला. निळ्या पडद्यावर पांढऱ्या आकड्यांच्या रांगाच रांगा. बायका किंचाळल्या, कोणी रामरक्षा म्हणू लागलं.

"पितर कोपले!" महाराजांचाही चेहरा क्षणभर पांढरा पडला होता, पण माणूस हजरजबाबी. "निर्माल्यातच त्यांचा वास असतो! आता घरातल्या जिवाला जपा."

मंगळवारी जागृतीला ताप भरला. त्या भागात डिसेंबरच्या गारठ्यात शंभर पोरांना ताप येतो, पण चंद्रकांताला शंभर पोरं नव्हती, एकच होती. तिने विहिरीला दोरखंड बांधून वाट बंद केली. पंपाला कोणी हात लावायचा नाही, असं घरात बजावलं. झेंडूचे वाफे पाण्यावाचून माना टाकू लागले आणि ती ओटीवरून नुसती बघत राहिली. भीती अशीच असते. ती आधी हात बांधते आणि मग बांधलेल्या हातांनी झालेलं नुकसान आपल्याला पुरावा म्हणून दाखवते.

नाताळच्या दिवशी शेजारची सालोमी फराळाचं ताट घेऊन आली. सालोमी अंधेरीच्या एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायची. ओटीवर पाऊल टाकताच तिने वाफ्यांकडे बघितलं.

"काकी, पानी बंद का केलंस? फुलं मेली की."

मग चंद्रकांताने सगळं सांगितलं. रडत रडत, शेवटी सहीचं. "उद्या सही करते, सालोमी. वाडी गेली तर गेली. पोर र्‍हायली पायजे."

सालोमी हसली नाही. तिने जागृतीच्या कपाळाला हात लावून बघितला, ताप उतरला होता. मग ती पाटावर बसली. "चौकटीत काय लिवलं होतं, शब्दन् शब्द सांग."

चंद्रकांताने सांगितलं.

"हिरामणकाका तुला चंद्रकांता म्हनायचे?"

चंद्रकांताने नाही म्हणून मान हलवली. बावीस वर्षांच्या संसारात त्या माणसाने तिचं नाव कधी घेतलं नव्हतं. आधी "अगो" आणि पोर झाल्यावर "जागृतीची आई". नवऱ्याने चारचौघांत बायकोचं नाव घ्यायचं म्हणजे तेव्हा त्यांच्या आळीत लाजेची गोष्ट.

"आनी काकांना इंग्रजी अक्षरं येत होती?"

"चौथी शिकलेले ते. सहीपन मराठीत करायचे."

"तुझं पूर्ण नाव कुठे लिवलंय तिथे?"

"माझ्या फॉर्मवर," दारातून जागृती हळूच म्हणाली. "ॲडमिशनच्या. आईचं, बाबांचं, पत्ता, सगळं."

"काकी, आमच्याकडे यंत्र बिघडलं की आमी नारळ फोडत नाय," सालोमी म्हणाली. "एका वेळी एकच वस्तू काढून बघतो. कीबोर्ड त्यांनी काढला, माऊस काढला. काय काढू देत नायत?"

चंद्रकांताच्या तोंडून शब्द आपोआप आला. "माळ."

"उद्या मी येते. पन माळ तूच काढ. मी काढली तर म्हनतील, ख्रिस्तांवाच्या पोरीने विटाळ केला."

"आनी परत निळं झालं तर? पोरीला काय झालं तर?"

"तर मी तितंच आहे," सालोमी म्हणाली. याहून मोठं आश्वासन तिने दिलं नाही आणि चंद्रकांताला रात्रभर झोप लागली नाही.

रविवारी खोली खच्चून भरली होती. सहीचे कागद टेबलावर, वर पेन. टिंग वाजलं. मेसेज फ्रॉम हिरामण. "चंद्रकांता, आजच सही कर."

चंद्रकांता उठली. कोणी म्हणेल, ती शूर होती. खोटं आहे. ती लटलट कापत होती आणि कापत कापतच तिने माळ दोन्ही हातांनी धरून ओढली.

पडदा निळा झाला.

"मेलीस!" महाराज गरजले. गर्दी मागे सरली, एक म्हातारी जिन्याकडे पळाली. चंद्रकांताने गर्रकन वळून लेकीकडे बघितलं. जागृती उभी होती. श्वास घेत होती.

"आई, मी ठीक आहे गं."

सालोमी पुढे आली. तिने प्लग काढला, खिशातल्या पेचकसाने डब्याची एक बाजू उघडली आणि आतून बोटभर रुंदीची हिरवी पट्टी उपसली. "ही याची मेमरी. नीट बसलेली नाय, कडांना काळं चढलंय. टेबल हललं की संपर्क तुटतो आनी हे यंत्र निळं होऊन बंद पडतं. आमच्याकडे महिन्यात दोनदा होतं." तिने पर्समधून शाळकरी पोरांचं खोडरबर काढलं, पट्टीच्या सोनेरी कडा घासल्या, पट्टी कट्ट आवाज येईपर्यंत दाबून बसवली. यंत्र सुरू झालं, जागृतीने क्लासचा पासवर्ड टाकला. मग सालोमीने टेबलाला दोन सणसणीत लाथा घातल्या. पडदा निळा झाला नाही.

"काय हो महाराज, पितर खोडरबराने शांत होतात?" मागून कोणीतरी विचारलं. पहिल्यांदाच त्या खोलीत कोणी हसलं.

"ही ख्रिस्तांव, हिला आपले पितर काय कळणार?" महाराज फणकारले.

"ती माझी शेजारीन आहे," चंद्रकांता म्हणाली. "आमच्या विहिरीचं पानी पिऊन वाढली."

तिचं लक्ष मात्र हातातल्या माळेकडे होतं. माळ पूर्ण निघत नव्हती. वाळक्या झेंडूंच्या आतून एक निळी वायर गेली होती, यंत्राच्या पाठीत खुपसलेली. जन्मभर फुलं ओवणाऱ्या बाईला ते ओवणं कळायला वेळ लागला नाही. ही फुलं दोऱ्यात ओवलीच नव्हती. वायरीभोवती बांधली होती.

वाडीत पंपाचं पाणी कमी आलं की ती विहिरीपासून पाइप हाताने चाचपत जायची, गळती सापडेपर्यंत. आता ती तशीच निघाली. वायर टेबलामागून, पडद्याखालून, भिंतीच्या कडेने. गर्दी बाजूला होत गेली. संग्राम केबिनच्या दारात आडवा उभा राहिला.

"काकी, आत सर्व्हर आहे. आत नाही जायचं."

"सर, तुम्हीच शिकवलंत, वायर कुठे जाते ते बघायचं," जागृती म्हणाली आणि त्याच्या हाताखालून आत शिरली.

आतल्या कॉम्प्युटरवर काळी खिडकी उघडी होती. त्यात अर्धवट टाईप केलेला पुढचा निरोप तसाच: "पितर कोपले, सही". जागृतीने यंत्राचं नाव लिहिलेली चौकट उघडून गर्दीला दाखवली. त्या यंत्राचं नाव होतं हिरामण. आदल्या तासाला म्हणे ते गोविंद होतं आणि त्याच्याही आधी कुणाची तरी आजी.

"जुन्या यंत्रांत काळा पडदा असायचा," सालोमी लोकांना सांगू लागली. "तुमी हुकूम द्यायचा, ते एक काम करायचं नि परत वाट बघायचं. मग खिडक्यावाली यंत्रं आली. आता हे जे आहे, ते पडद्यामागे एकाच वेळी वीस कामं करतं. त्यातलं एक काम, या यंत्राचा निरोप त्या यंत्राला पोचवायचा. सर्व्हर बंद करायचा असला तर कचेरीत सगळ्यांना कळावं म्हनून केलेली सोय आहे. चौकटीवर पाठवनाऱ्या यंत्राचं नाव येतं आनी यंत्राला नाव आपन देऊ ते. हिरामण द्या, नायतर विघ्नेश द्या."

"थापा!" महाराज ओरडले. पण त्यांचा एक पाय जिन्याकडे वळला होता.

तेवढ्यात बाहेरच्या यंत्रातून टिंग वाजलं. संग्राम इथे दारात, महाराज तिथे जिन्याजवळ. सगळ्यांच्या माना वळल्या. मेसेज फ्रॉम हिरामण. सालोमीने मोठ्याने वाचलं.

"आई, मी जागृती. मी केबिनमध्ये बसले आहे. मी जिवंत आहे. सही करू नको."

चंद्रकांता मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडली. पंधरा दिवस छातीत कोंडलेली भीती एकदम बाहेर पडली. रडून झाल्यावर तिने सहीचे कागद उचलले, वायरीवरची शिळी माळ सोडवून त्यांत गुंडाळली आणि पुडकं संग्रामच्या हातात दिलं.

"निर्माल्य आहे. पान्यात सोडा," ती म्हणाली.

महाराज गेले ते चपला सोडून गेले. कमरेचा पेजर जिन्यावर पडून कितीतरी वेळ वाजत होता, तो निरोपही म्हणे कुणा पितराचा असेल.

एक जानेवारी उजाडली. दिवे होते, पाव वेळेवर आला. सगळं कळूनही आठवडाभर धीर न झालेली चंद्रकांता विहिरीवर गेली, दोरखंड सोडला. पंपाच्या बटणावर बोट ठेवताना ती घाबरलीच. तिने लेकीला हाक मारून शेजारी उभं केलं आणि बटण दाबलं. पाणी खळखळत वाफ्यांकडे धावलं. निम्मी झाडं वाचली, निम्मी मेली होती.

घाबरणं हा गुन्हा नाही. यंत्र नवं असो की देव जुना, जे कळत नाही त्याची भीती वाटणारच. फक्त घाबरलेल्या हाताने सही करू नका. आणि ज्या माळेला कोणी हात लावू देत नाही, ती आधी उचलून बघा.