खारीच्या पाठीचा रंग

"खार?" महिपतचा ब्रश डब्यावरच थांबला. "बर्फाच्या कारखान्यातल्या यंत्राला खारीचा रंग?"

"फेहग्राउ. ग्राउ म्हणजे करडा, फेह म्हणजे खारीचं कातडं," त्याची मुलगी दीपाली म्हणाली. जर्मनीहून आलेल्या यंत्राच्या पट्टीवर कोरलेलं रंगाचं नाव तिने आपल्या जर्मनच्या बाईंना मोबाइलवरून विचारलं होतं. "आणि बाई म्हणतात, त्याच्याही आधी फेह म्हणजे रंगीबेरंगी."

"रंगीबेरंगी करडा. कमिटीनं ठरवलेला दिसतोय."

दाभोळात तीस वर्षं होड्या रंगवलेल्या महिपतला असला रंग कधी भेटला नव्हता. पण कारखान्याचे मालक राजाभाऊ हट्टाला पेटले होते, मूळचाच रंग हवा. आणि शुक्रवारी दीपाली नर्स म्हणून त्याच जर्मनीला निघाली होती. महिनाभरात महिपत तिला जा म्हणाला नव्हता, नको म्हणाला नव्हता. त्याच्या एका शब्दासाठी पोरगी झुरत होती, आणि तो रंगावर बोलत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी राजाभाऊंचा फोन आला.

"महिपत, रंग झकास. पण यंत्राच्या पाठीवर हे तीन पट्टे कसले?"

"खार हाय ना ती," महिपत शांतपणे म्हणाला. "मग रामाची बोटं नकोत?"



"असू देत," राजाभाऊ म्हणाले. "आता पुसायचे कोणी?"

दीपाली हसून हसून पडवीतच बसली. "बाबा, तिकडच्या खारीला पट्टे नसतात. ती उन्हाळ्यात तांबूस असते, थंडीत करडी होते."

"आणि थंडी सरली की?"

"परत तांबूस."

"नक्की?"

"नक्की."

महिपत नखांतला रंग खरवडू लागला. "बर्फ किती पडतो गो तिकडं?"

"गुडघाभर. कधी जास्त."

"मग खाते काय ती?"

"आधीच साठवून ठेवते."

महिपत उठला. माळ्यावरून त्याने कुळथाच्या पिठाचा डबा काढला, तिची उघडी बॅग पुढ्यात ओढली. हात तीनदा धुतले तरी नखांतला रंग निघेना. पिठाला लागू नये म्हणून तो चमच्याचमच्याने पिशवी भरू लागला.