उजवीकडचा मासा

मी एक जुनी रंगवलेली काच आहे. वाचनालयाचा जिना आणि वाचनाची खोली यांच्या मधल्या खिडकीत मला बसवले आहे. पण मित्रांनो, स्वस्थ बसणे माझ्या स्वभावात नाही. कुणी दार आपटले की मी लगेच थरथरते.

मला घडवणाऱ्या चित्रकाराने पुढच्या बाजूला एक बगळा रेखला. मग मला उलटे करून पाठीवर पातळ करडा रंग फासला आणि काडीने तो खरवडून दोन मासे काढले. पुढची बाजू त्याआधीच भट्टीत नीट भाजली गेली होती. पण उद्घाटनाची घाई झाली आणि पाठीचा रंग न भाजता कच्चाच राहिला. हे त्याने कुणालाच सांगितले नाही.

पुढे झाडलोटीला एक मावशी आल्या. त्या माझ्यावर फक्त कोरडा फडका फिरवत. "पाण्यात हात घालायचा कंटाळा, दुसरं काय!" असे लोक म्हणत. कंटाळा होता हे खरेच, पण कच्च्या रंगाला पाणी लागले नाही, म्हणूनच मी इतकी वर्षे तगले. मावशी गेल्यावर धूळ साचली, मासे दिसेनासे झाले आणि कुणी मान वर करेना.

मग काचा दुरुस्त करणारे बहीणभाऊ आले. त्यांनी मला उतरवून टेबलावर पालथे घातले. ताई मला धरून ठेवणाऱ्या शिशाच्या पट्ट्या तपासत होती, तेवढ्यात भावाने ओला बोळा उचलला. अरे, आधी कोपऱ्यात लावून बघ! पण काचेचे कोण ऐकणार?

"ताई, बघ कशी लख्ख निघाली," तो खुशीत म्हणाला.

ताईने भिंग लावले आणि तिचा चेहरा उतरला. "बोळा खाली ठेव."

"अगं, मळ आहे तो."

"मळात ब्रशचे फटकारे दिसतात का? हा रंग आहे. इथे डावीकडे मासा आहे, बघ."

"आणि उजवीकडे?"

"तिथे काय होतं, ते तू पुसलंस."

भावाने बोळा बाजूला ठेवला. मला त्याचा राग आला आणि कीवही आली. मग तो म्हणाला, "तिथेही एक मासा काढू ना. कुणाला कळणार आहे?"

"आपल्याला कळेल. जे मी पाहिलं नाही, ते मी काढणार नाही."

उरलेली धूळ तिने मऊ ब्रशने, श्वास रोखून काढली. ती जागा मात्र कोरीच ठेवली.

आता मी पुन्हा खिडकीत आहे. लोक थांबून मला नावाजतात, तरी मला चैन पडत नाही. मित्रांनो, जुनी वस्तू स्वच्छ करायला जाल, तेव्हा आधी तिच्याकडे नीट बघा. तो मासा लहान होता. त्याची शेपटी जराशी वाकडी होती आणि तो बगळ्यापासून दूर पळत होता. ताईला हे सांगायला मी त्या टेबलावर किती धडपडले!