टिंगटिंग बंद करणारी क्लिप

कुणी तेच ते दोनदा विचारलं की माझं डोकं फिरतं, आणि माझी नोकरी नेमकी तीच आहे. नवीन गाडी घेतलेल्या माणसाला गाडीत बसवायचं आणि एकेक बटण समजावून सांगायचं. सीट वरखाली कशी होते, मागच्यांना एसी कुठून लागतो, गाणं फक्त पुढच्या स्पीकरवर कसं लावायचं. दहा वर्षं झाली या शोरूममध्ये. झोपेतून उठवून विचारलं तरी न चुकता सांगेन.

त्या दिवशी मात्र वाक्यागणिक चुकत होते. सकाळी पावणेअकराला नवऱ्याचा फोन आला होता. तो आणि माझे सासरे सव्वादहालाच निघाले होते, सासऱ्यांचे डोळे तपासायला, दोन तासांच्या रस्त्याला.

"अगं, ऐक. गाडी ठोकली. पुढच्यानं कचकन ब्रेक मारला. मला काही नाही झालं. बाबांना घेऊन दवाखान्यात..." आणि फोन बंद.

फोन चार्जिंगला लावायचा विसरणं हे त्याचं लग्नापासूनचं. मी सात वेळा लावून बघितला. शेवटी मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन म्हटलं, "मी निघते."

"जा ना," मॅनेजर म्हणाले, "पण कुठल्या दवाखान्यात?"

ते नवऱ्यानं सांगितलंच नव्हतं. त्या रस्त्यावर पंधरा तरी दवाखाने असतील.

"मग निरोप येईपर्यंत ही एक गाडी देऊन टाका. गाडी घ्यायला आलेले डॉक्टर बाहेर खोळंबलेत. फोन आला की मला विचारायलाही थांबू नका."

मी बाहेर आले. पाय चालत होते, एवढंच. 'मला काही नाही झालं,' नवरा म्हणाला होता. बाबांना काय झालं ते म्हणाला नव्हता. आणि बाबांच्या सीटला काय लावलंय ते मला माहीत होतं, कारण मीच ते लावलं होतं.

ते आधी सांगून टाकते. आमच्या शोरूममध्ये माझ्या टेबलाच्या खालच्या खणात क्लिपांचा डबा असतो. बेल्टच्या टोकाला जी धातूची पट्टी असते, तसलीच ही पट्टी, नुसती, बिनबेल्टची. ती खाचेत खुपसली की गाडीला वाटतं बेल्ट लावलाय, आणि टिंगटिंग बंद. गिऱ्हाईक कुरकुरायला लागलं की आम्ही ती हळूच हातावर ठेवतो. कागदावर कुठेही नसते. गिऱ्हाईक खूश, आम्ही मोकळे.

माझे सासरे म्हणजे पस्तीस वर्षं शिवणकाम केलेला माणूस. शर्टावर एक सुरकुती खपायची नाही. बेल्ट लावला की छातीवरची इस्त्री मोडते, म्हणून बेल्ट नाही. मग गाडी टिंगटिंग करणार, नवरा ओरडणार, सासरे म्हणणार, "गाडी माझी बायको आहे का, सारखी टोकायला?" आणि मी मागे बसून दोघांचं ऐकणार. एकदा रस्ताभर हाच तमाशा झाला. दुसऱ्या दिवशी मी खणातली एक क्लिप पर्समध्ये टाकली आणि घरी येऊन बसवून टाकली. नवऱ्याला सांगितलं, सेन्सर बिघडलाय, पार्ट मागवलाय. तीन वर्षं तो पार्ट येतच होता. सासऱ्यांना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी खाचेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. आमचं एरवी कशावरच जमत नाही, पण त्या एका बाबतीत आमचं गुपचूप जमलं.

आणि हेच मी दहा वर्षं लोकांना तोंडपाठ सांगत होते, "बेल्ट नसेल तर एअरबॅग वाचवत नाही, उलट तीच लागते."

डॉक्टर दातांचे होते. दवाखाना तासभर बंद ठेवून आले होते, त्यामुळे दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते. बरोबर त्यांची आई. गुडघ्यांमुळे त्यांना पुढेच बसायचं होतं, म्हणून डॉक्टर स्टिअरिंगवर, शेजारी आजी आणि मी मधल्या रांगेत बसून दोघांच्या मधून मान पुढे काढलेली.

"हे तुमच्या बाजूचं तापमान, हे आजींच्या. तुम्हाला बावीस, त्यांना सव्वीस, भांडण नाही," मी म्हटलं. या वाक्याला लोक नेहमी हसतात. डॉक्टरही हसले. मी मांडीवरचा फोन उलटा करून बघितला. काही नव्हतं.

"कमरेचा आधार कसा करायचा म्हणालात?" डॉक्टरांनी विचारलं.

"आत्ताच सांगितलं ना," मी म्हणाले, आणि जीभ चावली. "सीटच्या डाव्या बाजूला... नाही, उजव्या. गोल बटण."

त्यांनी वळून माझ्याकडे नीट बघितलं आणि मग बटण चाचपलं.

आवारात एक चक्कर मारू म्हणाले. गाडी हलली आणि टिंगटिंग सुरू झाली. आजींनी बेल्ट लावला नव्हता.

"नको गं बाई ते," आजी म्हणाल्या. "इथे गळ्याशी काचतं. मानेला घामोळं उठलंय आधीच."

"आई, लाव ना. कायदा आहे."

"तुझा कायदा माझ्या मानेला कळतो का?"

डॉक्टर आरशातून माझ्याकडे बघून म्हणाले, "ते एक काहीतरी मिळतं ना, आवाज बंद करायला? माझ्या मित्राला तुमच्याकडूनच मिळालं होतं."

एरवी मी निदान दोन वाक्यं तरी समजावते. त्या दिवशी मला फक्त ते टिंगटिंग थांबायला हवं होतं. डोक्यात घण पडत होते. एक क्लिप माझ्या खिशात होतीच, सवयीनं ठेवलेली. मी ती पुढे केली, डॉक्टरांनी खाचेत दाबली, गाडी गप्प झाली.

चक्कर मारून गाडी परत जागेवर आणली. आता फक्त गाण्यांचं राहिलं होतं. डॉक्टरांचा फोन काही केल्या गाडीला जोडला जाईना, तेव्हा नेहमीसारखा मी माझा जोडला आणि एक गाणं लावलं. आठ स्पीकर आहेत या गाडीत. आवाज मागे नेऊन दाखवला, पुढे आणून दाखवला. आजींनी डोळे मिटले.

तेवढ्यात गाणं थांबलं आणि आठही स्पीकरवर घंटी वाजायला लागली. पडद्यावर अनोळखी नंबर. मी दोन सीटच्या मधून हात घातला आणि पडद्यावरचं हिरवं बटण दाबलं. फोन मांडीवर आहे, कानाला लावता येतो, हे सुचलंच नाही.

"हॅलो? अगं, मी बोलतोय."

सासरे. आवाज नाकातून, बोळे कोंबल्यासारखा. पण त्यांचाच. मला एकदम रडू आलं.

"बाबा, कसे आहात? कुठे आहात?"

"नदीच्या पुलाच्या अलीकडचा दवाखाना. नाक मोडलंय आणि दोन बरगड्यांना चीर आहे. मरत नाही. ती पिशवी फाडकन तोंडावर आली. रडू नकोस. हा नर्सचा फोन आहे, ती परत मागेल. आधी ऐक. तुझा नवरा फॉर्म भरायला गेलाय."

"बाबा, थांबा, मी..."

"थांबा म्हणू नकोस. त्यानं ती क्लिप बघितलीय. मी सांगितलं, मीच आणून लावली, रस्त्यावरच्या दुकानातून. त्याला पटलंय. तू तोंड उघडायचं नाहीस. विचारलं तर म्हणायचं, मला ठाऊक नाही. तो आधीच हादरलाय, त्यात तुमचं भांडण नको. कळलं का? ठेवतो."

पडद्यावरून नंबर गेला आणि गाणं होतं तिथून पुढे सुरू झालं. डॉक्टरांनी ते बंद केलं.

मी तोंड ओढणीत धरून बसले होते. गिऱ्हाइकासमोर कधी रडले नव्हते. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षाही जास्त स्वतःचा राग येत होता. ज्या माणसाशी मी चहातल्या साखरेवरून भांडते, तो मोडक्या नाकानं माझी बाजू सांभाळत होता.

"ती क्लिप परत द्या," मी म्हटलं.

"आम्ही वापरणार नाही हो ताई," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले.

"द्या."

त्यांनी ती उपसली आणि माझ्या हातावर ठेवली. टिंगटिंग परत सुरू झाली. मी खाली उतरले, पुढे जाऊन आजींच्या बाजूचं दार उघडलं. खांद्याच्या वर, खांबावर, बेल्ट जिथून निघतो तिथे एक कळ असते. ती दाबून बेल्ट दोन घरं खाली ओढला, मग आजींच्या अंगावरून घेऊन खाचेत लावला. आता तो गळ्याशी नव्हता, खांद्यावर होता.

"काचतोय?" मी विचारलं.

आजींनी मान इकडे तिकडे फिरवून बघितली. "नाही गं. आधीच का नाही केलंस असं?"

दहा सेकंदांचं काम. तीन वर्षांत मी ते बाबांसाठी करून बघितलं नव्हतं. शर्टावर एखादा मऊ रुमाल टाकून त्यावरून बेल्ट घ्या, एवढं म्हणायलाही मला वेळ नव्हता. मला फक्त गाडीत शांतता हवी होती.

डॉक्टरांनी किल्ली घेतली, कागदांवर सह्या केल्या. जाताना म्हणाले, "तुम्ही निघा आता. राहिलेलं मी पुस्तकात वाचतो."

मी रिक्षात बसले आणि नर्सच्या नंबरवर फोन केला. नवऱ्याला बोलवा म्हटलं. रिक्षा एकेका सिग्नलला थांबत होती आणि मी हातातली पर्स उघडत होते, मिटत होते. बाबांनी तोंड उघडू नकोस म्हणून सांगितलं होतं. पण त्यांच्या मोडक्या नाकामागे लपून मला उद्या त्यांना चहा देता आला नसता.

"बोल," नवऱ्याचा आवाज आला. थकलेला.

"ती क्लिप मी लावली होती," मी म्हटलं. "बाबांनी नाही. मी शोरूममधून आणली होती. सेन्सर वगैरे काही बिघडला नव्हता."

मागे कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेल्याचा आवाज आला.

"ऐकतोयस ना?"

"तीन वर्षं कुठला पार्ट येतो गं?" तो म्हणाला. "मी पहिल्याच आठवड्यात बघितली होती क्लिप. गाडी पुसताना."

"मग काढली का नाहीस?"

"टिंगटिंग नव्हती. बाबांची कटकट नव्हती. मलाही बरं वाटत होतं." त्याचा आवाज फुटला. "रोज बघायचो मी. रोज."

रिक्षा पुलाकडे वळली. मी म्हटलं, "येतेय मी. दहा मिनिटं."

"ये. आणि एक कर, आल्यावर बाबांना यातलं काही सांगू नकोस. त्यांना वाटतंय, त्यांनी मला फसवलंय. झोप लागलीय त्यांना आत्ता."